दत्तोपंतांचं ताट

कारेलीबागेतल्या आमच्या गॅलरीत
आज चार खुर्च्या आणि नऊ माणसं.
परवाच उतरले मी, अजून पहाटे तीनला भूक लागते,
आणि जिग्नाबेनचा पहिलाच प्रश्न :
‘त्यां मगर होय?’

असते की.
नदीकाठी पिवळी पाटी, पाटीवर उघडा जबडा.
केळीच्या बागेतला मुकादम ब्रॅड
गंभीर होऊन म्हणाला, पाण्यापासून लांब राहा,
पण घाबरू नकोस.
मी म्हटलं, ब्रॅडभाई,
आमच्याकडे विश्वामित्री फुगली की
मगर सोसायटीच्या गेटातून येते.
वॉचमन तिची रजिस्टरात सही घेत नाही, एवढंच.
मागच्या पुरात शेलारकाकांच्या ॲक्टिव्हाशेजारी
पार्क झाली होती,
पांढऱ्या पट्ट्याच्या आत.
ब्रॅडने टोपी काढली.
तेव्हापासून बागेत माझं नाव ‘क्रॉक’.
आई म्हणते, हे बायोडेटात नको.

व्हिसा लॉटरीत लागला होता.
ठेच सोडून मला लागलेली पहिलीच गोष्ट.
स्टॅटिस्टिक्स केलेली मुलगी
इनिसफेलला केळीचे घड मोजायची,
बाबा इथे सांगायचे, डेटामध्ये आहे.
खोटं कुठे होतं?

तिथे सगळ्यावर एकच औषध : ‘नो वरीज.’
बस चुकली, नो वरीज.
बुटातून तळहाताएवढा कोळी निघाला, नो वरीज.
पगार सोमवारचा गुरुवारी,
तरी तेच.
पहिल्या आठवड्यात मला हसू आवरेना.
अरे, हे तर आपलं ‘वांधो नहीं’!
न्यायमंदिरासमोरचा पंक्चरवाला
निखळलेलं चाक हातात धरून हेच म्हणतो.
एवढा समुद्र ओलांडून मी
मांडवीतच उतरले होते की काय.

मग ते ताट.
शेजारच्या ग्लेंडाने शनिवारी बोलावलं,
मेसेजच्या शेवटी : ‘येताना प्लेट आण.’
वाटलं, बिचारीकडे भांडी कमी असतील.
पंगतीला आपण नाही का शेजारून पातेली आणत?
ताट घासलं, पुसलं,
वाटी-चमचाही घेतला, ऐनवेळी खोळंबा नको.
तिथे प्रत्येकाच्या प्लेटीत काहीतरी,
कुणाचा केक, कुणाची कोंबडी.
माझ्या ताटात फक्त कोरलेली अक्षरं :
कै. दत्तोपंत दिघे यांच्या स्मरणार्थ, १९७९.

प्लेट म्हणजे पदार्थ, हे तेव्हा कळलं.
सगळे हसले. मीही हसले, आणि सगळ्यांत उशिरा थांबले.
ग्लेंडाने अक्षरांवरून बोट फिरवलं.
म्हटलं, पणजोबा माझे.
भरूचच्या पुलापलीकडे कधी गेले नाहीत,
परगावचं पाणी बाधतं म्हणायचे.

निघताना तिने ताटात लॅमिंग्टनचे चार तुकडे ठेवले
आणि मला गप्प बसवेना.
सांगून टाकला नियम :
आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत.
झालं. पुढच्या शनिवारी मी ते भरून नेलं,
सुरळीच्या वड्या, अर्ध्या फाटलेल्या.
तिच्याकडून ब्रॅडकडे गेलं, काहीतरी भाजलेलं घेऊन,
ब्रॅडकडून पोस्टातल्या मरीनकडे,
तिच्याकडून कोपऱ्यावरच्या त्या मासेवाल्याकडे,
ज्याला कुणी कधी बोलावत नसे.
परत देण्यापेक्षा पुढे देणं त्यांना बरं वाटलं असावं.
मी निघाले त्या दिवशी
ताट नक्की कुणाच्या घरी आहे
ते गल्लीत कुणालाच सांगता येईना.

आत आई पानं घेतेय.
ताटांचा आवाज पाचावर थांबतो.
‘सहावं गं?’
‘फिरतंय,’ मी म्हणते, आणि सगळं सांगते,
बाबा हसतात, जिग्नाबेन कपाळाला हात लावतात.
बराच वेळ नुसता नळ वाहतो.

मग आतून :
‘त्यांना डायबिटीस होता गं.
अधूनमधून तिखट घालत असतील ना कोणी?’